पुरावा म्हणून जोडलेली चार पानं

पत्र थोडक्यात: मुलीला बारावी सायन्सला ८४ टक्के. ‘नीट’ दोनदा दिली, सरकारी कॉलेज मिळेल इतके गुण नाहीत. आता म्हणते इतिहासात बी.ए. करायचं आणि पुढे आइसलँडचा इतिहास! चार लाख वस्तीचा देश. भावकीत, ऑफिसात काय सांगू? मी म्हणतो ‘नीट’ला अजून एक वर्ष दे, नाहीतर इतिहास घेऊन निदान यूपीएससी तरी कर. रात्री जागून काय लिहीत बसते त्याचा पुरावा म्हणून तिच्या वहीतल्या चार पानांची झेरॉक्स जोडली आहे. तुम्हीच तिला समजवा. (एक पालक, सांगली)

नमस्कार.

पत्रात भावकी भेटली, ऑफिस भेटलं, मुलगी मात्र भेटली नाही. ती झेरॉक्समध्ये भेटली. ही पानं तिला न विचारता काढली असतील, तर आधी तिला तसं सांगा. एकोणीस वर्षांच्या मुलीची वही म्हणजे घरातलं लाइटबिल नव्हे.

‘नीट’चा तिसरा प्रयत्न नको, हे माझं स्पष्ट मत. मुलीला डॉक्टर व्हायचंय असं एक वाक्यही तुमच्या पत्रात नाही. तुम्हाला तिला डॉक्टर करायचंय, एवढंच आहे. यूपीएससीचं म्हणाल, तर ती कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर देता येते. पदवी झाल्यावर तिचं तिला ठरवू दे. ‘निदान यूपीएससी तरी’ म्हणून त्या परीक्षेला बसलेली पुष्कळ मुलं पाच-सहा वर्षं घालवून रिकाम्या हातानं परततात. आणि भावकीला सांगायला ‘मुलगी इतिहास शिकते’ हे तीन शब्द पुरतात.

आता वहीकडे वळतो. पहिल्या पानावर ब्रिटन आणि आइसलँडमधल्या कॉड माशांवरून झालेल्या भांडणांचा तक्ता आहे: आइसलँडनं जाहीर केलेली मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२ सागरी मैल, १९७२ मध्ये ५०, १९७५ मध्ये २००. शेजारी तिनं लिहिलंय, ‘सैन्य नसलेला देश आरमाराला कसा पुरून उरला?’ खाली तिचंच उत्तर: ब्रिटिश ट्रॉलरच्या, म्हणजे मोठ्या मासेमारी बोटींच्या, जाळ्यांच्या तारा कापणारी तटरक्षक जहाजं, आणि आइसलँडमधल्या केफ्लाविकचा अमेरिकी तळ नाटोला गमवायचा नव्हता म्हणून. उत्तर बरोबर आहे.

दुसऱ्या पानावरचा प्रश्न त्याहून चांगला. आइसलँडनं १२६२ ते १२६४ च्या दरम्यान नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व मान्य केलं. पुढे नॉर्वेबरोबर ते डेन्मार्कच्या राजाकडे गेलं. मग १८१४ च्या कीलच्या तहात डेन्मार्कनं नॉर्वे स्वीडनच्या राजाला दिला, तेव्हा आइसलँड, फेरो बेटं आणि ग्रीनलंड मागे कसे राहिले? तहात या तिघांना नावानिशी वगळलंय, पण वाटाघाटीत स्वीडननं ते का मान्य केलं हे तिला शोधायचंय. असा प्रश्न एम.ए.च्या वर्गातही रोज ऐकू येत नाही.

तिसऱ्या पानावर मात्र ती घसरली आहे. तिथं दहाव्या शतकातल्या भांडणांची माहिती आइसलँडच्या सागांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथांमधून, घेऊन ‘प्रत्यक्षदर्शींनी लिहिलेलं’ असं म्हटलंय. हा गैरसमज व्हायकिंगांवरच्या मालिका बघून या विषयाकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा असतो. या कौटुंबिक सागा प्रामुख्यानं तेराव्या शतकात लिहिल्या गेल्या. घटना आणि लेखन यांत अडीचशे-तीनशे वर्षांचं अंतर. आपल्याकडे एखादी उशिराची बखर वाचताना जी सावधगिरी लागते, तीच इथं लागते: लिहिणाऱ्याच्या काळातली वैरं आणि वंशाभिमान मजकुरात उतरलेले असतात. म्हणून अभ्यासक साक्ष दुसरीकडून काढतात. आइसलँडमध्ये माणसांची वस्ती सुरू झाली त्या सुमारास पडलेला ज्वालामुखीच्या राखेचा एक थर जमिनीत सापडतो. तीच राख ग्रीनलंडच्या बर्फात सापडल्यानं तिचं वर्ष ८७० च्या दशकात बसवता आलं. बहुतेक घरांचे अवशेष या थराच्या वर आहेत. सुमारे ११३० मधला आरी थोर्गिल्सनचा छोटा इतिहास आणि जुने कायदे हे आणखी आधार. सागा टाकून द्यायच्या नाहीत, पण त्या तेराव्या शतकाबद्दल काय सांगतात हे आधी विचारायचं.

चौथ्या पानावर तिचा बेत आहे: आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला, जाऊन व्हायकिंग काळावर एम.ए. त्याबद्दल मुलीला थेट सांगतो, दार बदल. तिथला एम.ए. इंग्रजीतून होतो हे खरं. पण पुढच्या संशोधनात तुझी गाठ पडेल ती शाळेपासून आइसलँडिक भाषेत वाढलेल्यांशी, आणि जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तुला आइसलँडवरच्या डेन्मार्कच्या राजवटीचा काळ घेता येईल. राजा चौथ्या ख्रिश्चननं १६०२ मध्ये आइसलँडच्या व्यापाराचा मक्ता डॅनिश व्यापाऱ्यांना दिला. तो १७८७ पर्यंत टिकला. ठरवून दिलेलं बंदर सोडून दुसरीकडे मासे विकले म्हणून १६९९ मध्ये होल्मफास्तुर गुदमुंडसन या शेतकऱ्याला फटके बसले. याच राजानं १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि १६२० मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडी घेतलं. योन ओलाफ्सन नावाचा आइसलँडचा माणूस त्या कंपनीच्या जहाजातून तरंगंबाडीला येऊन गेला आणि म्हातारपणी त्यानं आठवणी लिहिल्या. आइसलँडचा मक्ता आणि तरंगंबाडीची वखार, दोन्हींचे कागद कोपनहेगनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. तिथं भारताचा इतिहास नीट शिकलेल्या मुलीला स्वतःचं असं काही सांगता येतं.

त्यासाठी बी.ए.च्या तीन वर्षांत काय करायचं? आधी डॅनिश, कारण त्या काळातला सरकारी कारभार बराचसा त्याच भाषेत आहे. रोज तासभर दिला तर दोन वर्षांत छापील मजकूर वाचता येईल. मग आइसलँडिक: तिथल्या विद्यापीठाचा ‘आइसलँडिक ऑनलाइन’ अभ्यासक्रम फुकट आहे. पण तो मध्येच सुटू शकतो, कारण नामाच्या चार विभक्ती पाठ केल्याशिवाय तिथं पान पुढे सरकत नाही. तिसरं, जुनी हस्ताक्षरं. सतराव्या शतकातला डॅनिश कागद छापील अक्षरांवर वाढलेल्या डोळ्याला वाचता येत नाही. तोवर मोडीचा वर्ग लाव. लिपी वेगळी असली तरी अक्षर न लागणं, लपेटी, संक्षेप यांच्याशी झगडायची सवय तीच. सरावासाठी आइसलँडची १७०३ ची जनगणना घे. ५०,३५८ माणसं, नाव, वय आणि घरातल्या स्थानासकट, इंटरनेटवर खुली आहे. एका जिल्ह्यातल्या मजुरांची वयं मोजून दोन पानं लिहून काढ.

पैशांचं पुन्हा वडिलांशी बोलतो. ‘उत्तरेकडे शिक्षण फुकट’ हे आता जुनं झालं. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून डेन्मार्क २००६ पासून, स्वीडन २०११ पासून, फिनलंड २०१७ पासून आणि नॉर्वे २०२३ पासून फी घेतात. आइसलँडच्या सरकारी विद्यापीठात आतापर्यंत नोंदणी शुल्कावर भागत आलंय, पण अर्जाच्या वर्षीचा आकडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच बघा. राहण्याचा खर्च मोठा आहे. तिथं राहण्याच्या परवान्यासाठी महिन्याला दोन लाखांहून अधिक क्रोना (आइसलँडचं चलन) दाखवावे लागतात, म्हणजे रुपयांत दीड लाखाच्या आसपास. शिष्यवृत्तीशिवाय पाठवू नका, कर्ज काढून तर नाहीच.

नोकरीचं: भारतात आइसलँडच्या इतिहासासाठी वेगळी जागा निघत नाही. एम.ए. इथेच इतिहासात करून नेट किंवा सेट द्यावी, म्हणजे प्राध्यापकीचा रस्ता उघडा राहतो. परदेश त्यानंतर, पीएच.डी.साठी. तोवर डॅनिश वाचता येत असेल, तर तरंगंबाडी आणि बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) डॅनिश कागदांवर काम करू शकणारे लोक देशात फार थोडे आहेत, आणि त्यांत तिचं नाव असेल. ‘नीट’च्या क्लासची फी अजून भरली नसेल तर भरू नका.