शेक सुरू झाले आणि घास आणखीच अडकू लागला

अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये गिळणं सुधारावं म्हणून शेक, म्हणजे रेडिएशन, घेणाऱ्यांच्या घरचे थोड्याच दिवसांत तीच तक्रार घेऊन येतात: "आधी पेज तरी जात होती, आता पाणीही टोचतंय. मशीननं बिघडवलं का?"

बिघडलेलं नसतं. शेकाने अन्ननलिकेचं अस्तर आधी सुजतं, हुळहुळतं. गाठ आकसते ती नंतर. ५ शेकांत २० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) किंवा १० शेकांत ३० ग्रे, असा हा छोटा कोर्स. आराम बहुधा तो संपल्यावर २ ते ४ आठवड्यांनी जाणवतो. पहिल्याच दिवशी हे कॅलेंडरवर खुणा करून दाखवलं की निम्मी धास्ती जाते. स्टेंट, म्हणजे अन्ननलिकेत आतून बसवायची नळी, १-२ दिवसांत वाट मोकळी करते, पण छातीत दुखतं, कधी नळी सरकते. पाणीही उतरत नसेल तर डॉक्टर तिचा विचार आधी करतात.

साठीतले एक शेतकरी काका. मुलगा दर भेटीत विचारायचा, "बाबांना भाकरी खाता येईल ना?" काका गप्प. एकदा मुलगा औषधं आणायला गेला तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्हाला काय जमायला हवंय?"

उत्तराची घाई केली नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच निम्मं काम, असं मी मानते.

"भाकरीचं काय घेऊन बसलात! थुंकी गिळता यावी. सारखा डबा हातात. नातवंडांत बसायची लाज वाटते."

लाळ दिवसाला लिटरभर होऊ शकते. घरात पोळी-भाताचा हिशेब चालला होता, लाळेचा कुणीच ठेवला नव्हता. मुलगा परतल्यावर काकांनीच त्याला सांगितलं.

"मग आई कालवून देते ते?"

"तिच्या समाधानाला तोंडात धरतो. मागं जाऊन टाकतो."

आग्रह त्या दिवशी थांबला. कोर्सनंतर तिसऱ्या आठवड्यात डबा सुटला, पुढे मऊ भात जाऊ लागला. भाकरी नाहीच. काकांनी ती मागितलीही नव्हती.

आराम पडेपर्यंत घरच्यांनी करायचं ते असं. दर दोन तासांनी अर्धी वाटी: नाचणीची पेज, गाळलेलं वरण, गोड ताक, कोमट, बिनतिखट. ताठ बसवून द्या, नंतर अर्धा तास आडवं करू नका. गिळताना दुखत असेल तर बधिर करणारं पातळ औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळ्या कुटण्याआधी विचारा. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. बाहेरून दिलेल्या शेकाने अंगातून किरणं निघत नाहीत, नातवंडं खुशाल मांडीवर घ्यावीत.

पाणी पिताच दर वेळी ठसका, रक्ताची उलटी, काळी शौच, ताप किंवा पाणीच न उतरणं, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. ठसक्याला तर साधा खोकला समजूच नका: अन्ननलिका आणि श्वासनलिकेमध्ये भोक पडलेलं असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांनी पाहीपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका.