तक्त्यात दोन दिवस कोरे ठेव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या इंडोनेशियाच्या सहलीचा तक्ता मिळाला. सोळा दिवस, सात बेटं, नऊ विमानं. रंग मात्र सुरेख भरलेस. नववीतही तुझी नकाशाची वही अशीच देखणी असायची आणि प्रमाण चुकलेलं असायचं. याही वेळी तेच झालंय.

इंडोनेशिया जगाच्या नकाशावर शेंगदाणे सांडल्यासारखा दिसतो, म्हणून फसायला होतं. पश्चिमेच्या साबांगपासून पूर्वेच्या मेराउकेपर्यंत पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. आपलं काश्मीर ते कन्याकुमारी ३,२०० च्या आसपास. १७,००० हून अधिक बेटं आणि तीन प्रमाणवेळा. तू सुमात्रातलं तोबा सरोवर आणि पापुआकडचं राजा आम्पात एकाच आठवड्यात कोंबलंस. एखाद्या पाहुण्याने सोमवारी लडाख आणि गुरुवारी अंदमान म्हटलं असतं, तर तूच हसली असतीस.

मी हसत नाहीये, कारण पहिल्या खेपेला मीही हेच केलं. १४ दिवसांत पाच बेटं. त्यातलं आज ठळक काय आठवतं, तर पहाटे चारला बॅगेवर बसून खाल्लेला हॉटेलचा गार ब्रेड. तो पाच वेळा.

म्हणून एकच ओळ धर, शक्यतो जमिनीवरून जाणारी. माझं ऐकशील तर जकार्ता ते बाली. जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे आणि देशातली निम्म्याहून जास्त माणसं तिथे राहतात. तिथली रेल्वे चांगली आहे. जकार्ताच्या गांबीर स्टेशनवरून सकाळची गाडी पकड. रात्रीची पकडलीस तर एका खोलीचं भाडं वाचेल, पण भाताची खाचरं आणि त्यामागचे ज्वालामुखी अंधारात जातील. साधारण सहा-सात तासांत योग्यकर्ता. तिथे चार रात्री रहा. चारच, दोन नाही.

बोरोबुदुर तिथूनच. नवव्या शतकातला स्तूप, ५०४ बुद्धमूर्ती, अडीच हजारांवर शिल्पपट. वर चढायचं तिकीट वेगळं असतं आणि मोजक्याच लोकांना मिळतं, तेव्हा ते आधी काढ आणि मगच बाकीचे दिवस ठरव. दगड झिजू नयेत म्हणून चढताना पायात विणलेल्या चपला घालायला देतात. त्यांचं नाव काय, माहितेय? ‘उपानात’. आपल्या संस्कृतच्या बाई ‘उपानह’ म्हणजे पादत्राण असं शिकवायच्या तेव्हा तू मागच्या बाकावर डबा खायचीस.

असे शब्द पावलोपावली भेटतील. त्यांची गंमत सोडू नकोस. नवरा म्हणजे ‘सुआमी’, बायको ‘इस्त्री’, तोंड ‘मुका’, पृथ्वी ‘बुमी’, पाप ‘दोसा’. ब्रोमो या ज्वालामुखीचं नाव ब्रह्मावरून पडलंय. तिथले तेंगेर लोक हिंदू आहेत, ते दरवर्षी ‘यद्न्या कसाडा’ नावाचा उत्सव करतात आणि धान्य, भाजी, कोंबड्या ज्वालामुखीच्या तोंडात अर्पण करतात. यज्ञ हा शब्द ते अगदी आपण उच्चारतो तसाच लिहितात. हिंदीवाल्यांना ‘यग्य’ म्हणू दे, जावाची साक्ष आपल्या बाजूने आहे!

ब्रोमोवरून आठवलं. तुझ्या सामानाच्या यादीत एकही स्वेटर नाही. उष्ण कटिबंध म्हणजे उकाडा असं मीच शिकवलं असेल, पण उंची वाढली की तापमान उतरतं हेही मीच शिकवलं होतं. सूर्योदयासाठी पहाटे तीनला जीप निघते, आणि कोरड्या ऋतूत वर कधीकधी दवही गोठतं. मी खोलीतला पंचा डोक्याला गुंडाळून उभी होते. तो फोटो मी कोणाला दाखवत नाही.

ब्रोमोनंतर पूर्वेला इजेन, हाही ज्वालामुखीच. पहाटेच्या अंधारात तिथे जळत्या गंधकाची निळी ज्योत दिसते. वायू घशाला झोंबतो, भाड्याने मास्क मिळतो, तो घेच. विवरातली वाट बंद असली तर गाइडशी हुज्जत घालू नकोस. आणि वाट चालू असली तर एक पाळ. खालून गंधकाची कावड घेऊन माणसं येतात. दोन टोपल्या, पिवळेधमक गोळे, सत्तर किलोहून जास्त ओझं. त्यांना आधी वाट दे, सेल्फी नंतर. माझ्या पुढून एक म्हातारा गेला, त्याच्या खांद्यावर बांबूमुळे लिंबाएवढं आवाळू आलं होतं. दोन टोपल्या दगडावर टेकवून त्याने विडी पेटवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘इंडिया? शाहरुख खान?’

तिथून केतापांग बंदर आणि फेरीने बाली. समुद्र जेमतेम तासाभराचा, पण पलीकडे घड्याळ एक तास पुढे. सव्वीस वर्षं प्रमाणवेळ शिकवलेली मी तिथे उतरले, ऐटीत चहा प्यायले आणि मग कळलं की पुढची गाडी निघून गेलीय. तू जाताक्षणी घड्याळ बदल.

बालीबद्दल तुला सगळं ठाऊक आहे असं तुझ्या तक्त्यावरून दिसतंय, तेव्हा दोनच गोष्टी. स्कूटर चालवणार असशील तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून ने. नाहीतर पडलीस तर विमावाले हात वर करतील. दुसरं, तिथला न्येपी हा सण. त्यांचंही शके वर्ष आपल्याइतकंच, म्हणून तो गुढीपाडव्याच्या आगेमागे येतो. आपण गुढी उभारतो, ते २४ तास दिवा लावत नाहीत, रस्त्यावर येत नाहीत, विमानतळसुद्धा बंद. तुझी सहल मे महिन्यातली, त्यामुळे यंदा चुकेल. पुढे कधी मार्चमध्ये जाशील तेव्हा तारीख बघ. ईदचंही तसंच. त्या आठवड्यात सगळं जकार्ता गावी निघतं, आपल्या गणपतीतल्या कोकणासारखं. तिकीट मिळणार नाही.

मे महिना तसा चांगला, पाऊस सरलेला असतो. पण हा नियम साऱ्या देशाला लावू नकोस. पूर्वेकडच्या मालुकू बेटांवर जून-जुलै हाच भर पावसाळा.

जेवणाची तुला काळजी आहे, रास्तच. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. भाजी हिरवीगार दिसते आणि चटणीत ‘तेरासी’ असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. ‘तानपा तेरासी, तानपा इकान’ हे पाठ कर: तेरासी नको, मासा नको. मग गादो-गादो माग. उकडलेल्या भाज्या आणि वर शेंगदाण्याचं दाट कालवण. आपल्या कुटाच्या आमटीची लांबची बहीण. तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तर रोज खा. पैशांचं गणित सोपं: शेवटची दोन शून्यं झाक आणि उरलेल्याचे निम्मे कर. ५०,००० रुपिया म्हणजे साधारण अडीचशे रुपये. व्हिसा विमानतळावर मिळतो, ५ लाख रुपियांना, ३० दिवसांचा. आकडा ऐकून घाबरू नकोस.

आता तोबा, महाकाय घोरपडींचं कोमोडो, सुलावेसीतलं तोराजा आणि राजा आम्पात खोड. मला माहितेय, कोमोडो खोडताना हात जड होईल. ठेवायचंच असेल तर बालीचे तीन दिवस काप आणि ते कोमोडोला दे. बाकी काही हलवू नकोस.

आणि परतीच्या विमानाआधीचे दोन दिवस कोरे सोड. हे मी हौसेने म्हणत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीने राख उधळली आणि शेकडो किलोमीटर दूर बालीची विमानं रद्द झाली. शंभराहून जास्त जागृत ज्वालामुखी असलेल्या देशात वेळापत्रक थोडं ज्वालामुखीच्याही हातात असतं. काहीच घडलं नाही तर त्या दोन दिवसांत एखाद्या वारुंगच्या बाकावर बसून रहा. वारुंग म्हणजे टपरीवजा खाणावळ. मालकीण तुला लग्न झालंय का विचारेल, ‘बेलुम’ म्हण. म्हणजे ‘अजून नाही’. ‘नाही’ म्हणालीस तर तिला वाईट वाटतं.

सुधारलेला तक्ता रविवारपर्यंत पाठव. आणि येताना अर्धा किलो ‘गुला जावा’ आण, ताडमाडाचा काळसर गूळ असतो. मला तो एकदा पुरणात घालून बघायचाय.

तुझ्या बाई