लोणारचे शैवाल टाकीत आणता येईल का?

प्रश्न : मेहकर तालुक्यातील आमच्या शेतावर गेली दोन वर्षे आम्ही सिमेंटच्या टाक्यांत स्पिरुलिना हे खाण्याजोगे नीलहरित शैवाल वाढवतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापले की वाढ खुंटते. लोणार सरोवरातून उष्णता सोसणारा नवा वाण मिळू शकेल का? तसेच 2020 साली सरोवर ज्याने गुलाबी झाले, त्या शैवालापासून बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य काढता येईल का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी निकालात काढू. जून 2020 मधील गुलाबी रंग शैवालाचा नव्हता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत तो क्षारप्रिय आर्कियांच्या (जिवाणूंसारख्या एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या) रंगद्रव्याचा असल्याचे आढळले. बीटा-कॅरोटीनसाठी वाढवतात ते डुनालिएला सॅलिना हे शैवाल वेगळे.

लोणारमध्ये स्पिरुलिना वाढते, हे मात्र खरे आहे. लोणारचे पाणी खारे असून त्याचा सामू (पीएच) 10 च्या आसपास, म्हणजे बराच अल्कधर्मी असतो. बहुतेक शैवालांचा तेथे निभाव लागत नाही, पण शास्त्रज्ञ ज्याला आर्थ्रोस्पायरा म्हणतात ते हे नीलहरित शैवाल, जे काटेकोरपणे पाहता जिवाणूच आहे, तेथे सुखाने वाढते. आफ्रिकेतील चाड सरोवराकाठचे कानेम्बू लोक अशाच पाण्यातून ते गाळून, वाळवून पिढ्यान् पिढ्या खात आले आहेत.

तरीही बाटली घेऊन सरोवरावर जाऊ नका. ते अभयारण्य असल्याने नमुना घेण्यास वनविभागाची परवानगी लागते, आणि वाणाचा व्यापारी उपयोग करायचा तर 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाशीही संबंध येतो. शिवाय खारेपणा सोसणारा वाण उष्णताही सोसेलच, असे मुळीच नाही.

माझ्या मते आपण शोधता तो वाण, असलाच तर, आपल्याच टाकीत असण्याची शक्यता अधिक आहे. दोन उन्हाळे तगून राहिलेल्या स्पिरुलिनाच्या तंतूंची निवड निसर्गाने आधीच केली आहे. मे महिन्याच्या अखेरीस, पाणी सर्वांत तापलेले असताना नमुना घ्यावा, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने एकच निरोगी तंतू उचलावा, निर्जंतुक माध्यमाच्या, म्हणजे शैवाल वाढवण्याच्या पोषक द्रावणाच्या, पाच-सहा थेंबांतून तो धुऊन घ्यावा आणि छोट्या परीक्षानळीत झारूक नावाच्या, स्पिरुलिनासाठी वापरल्या जाणाऱ्या माध्यमात वाढू द्यावा. या माध्यमात लिटरमागे 16.8 ग्रॅम खाण्याचा सोडा असतो, हे आपणास ठाऊक असेलच. असे शंभर तंतू उचलले तर त्यांतील कित्येक मरतील, काहींसोबत दुसरे शैवाल येईल, आणि हाती थोडेच उरतील. ते आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी, एकाच प्रकाशात, 35, 38 आणि 40 अंशांवर काही आठवडे वाढवून वाळलेल्या मालाचे वजन करावे. परीक्षानळीतील विजेता उघड्या टाकीत टिकेलच असे नाही. अमेरिकेत 1978 ते 1996 या काळात शैवालापासून इंधन मिळवण्यासाठी सुमारे 3,000 वाण गोळा करण्यात आले, पण उघड्या तळ्यांत मात्र निवडलेल्या वाणांना हटवून स्थानिक शैवालांनीच जम बसवला. म्हणून अखेरची चाचणी आपल्याच टाकीत, आपल्याच उन्हात घ्यावी.

माल खाण्यासाठी असल्याने आणखी एक खबरदारी हवी. गोड्या पाण्यातील मायक्रोसिस्टिससारखी काही नीलहरित शैवाले यकृताला घातक विष तयार करतात आणि टाकीचा सामू उतरला की अशा पाहुण्यांना वाट मिळते. तेव्हा निवडलेल्या वाणाची ओळख जनुकीय चाचणीने पक्की करून घ्या, आणि मालातील मायक्रोसिस्टिन (हेच ते विष) व जड धातू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा.

येत्या उन्हाळ्यापुरते म्हणाल तर टाकीवर शेडनेट घाला. नवा वाण हाती आला तर त्याचे मूळ बियाणे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि साधारण दर महिन्याला ताज्या माध्यमात बदला.