चिठ्ठी दिली, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न : लेकरांचं मन आणि दवाखाना

या वेळी मराठवाड्यातून आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता : लेकरू बरं नाही हे कळतंय, कुणीतरी "दाखवा" असंही म्हणतंय, पण कुठं, कुणाला आणि काय सांगून, इथं गाडी अडते. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते. वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर बोलेनाशी झाली. आईवडील ऊसतोडीला गेलेत, ती आजीजवळ राहते. मैदानात तीनदा पडली. आजी म्हणते, बाहेरचं आहे. मुख्याध्यापकांच्या सहीनं "मानसिक तपासणी करावी" अशी चिठ्ठी दिली, पण आजी गेलीच नाही. आता काय करू?
— एक शिक्षिका, माजलगाव तालुका

उत्तर : "मानसिक" एवढा एकच शब्द लिहिलेली चिठ्ठी आजीला भीती घालते आणि डॉक्टरांना काहीच सांगत नाही. ती परत घ्या आणि नवी लिहा. तुम्ही रोज जे पाहता ते तिच्यात हवं, निदान नको. उदाहरणार्थ : "वय १३, आठवी. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रोज हजर. त्यानंतर शाळेच्या २४ दिवसांपैकी ९ दिवस आली. पोषण आहार ताटात तसाच राहतो. मैदानात तीनदा पडली. दर वेळी दोन ते पाच मिनिटं, डोळे मिटलेले, जीभ चावली नाही, कपडे ओले झाले नाहीत, नंतर रडली. आधी मैत्रिणींत बोलकी होती. आईवडील बाहेरगावी, आजीजवळ राहते." खाली आजीचा, मामाचा किंवा ज्याच्याकडे फोन असतो त्याचा नंबर, तुमचा नंबर, आणि एक नेमका प्रश्न : "हे झटके आहेत की ताण, हे कळावं." अशा दहा ओळींनी ओपीडीतल्या डॉक्टरांची पहिली वीस मिनिटं वाचतात. सरकारी ओपीडीत वीस मिनिटं म्हणजे फार झाली.

पडण्याबद्दल जरा सविस्तर. पहिला मुक्काम मानसोपचार विभाग नको, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. तिथं हिमोग्लोबिन पाहतील. या वयाच्या मुलीत १२ च्या खाली रक्त कमी, ८ च्या खाली तर फारच कमी. उपाशीपोटी उन्हात उभी राहून येणारी चक्कर, फिट आणि मनावरच्या ताणातून येणारा झटका बाहेरून सारखेच वाटू शकतात. पुन्हा पडली तर आजीला विचारून मोबाइलवर एक-दोन मिनिटांचं चित्रण करा. डोळे उघडे की मिटलेले, हातपाय एकसारखे हलतात का, किती वेळ चाललं, उठल्यावर ओळखते का, एवढं त्यात दिसलं की पुरे. ते फक्त डॉक्टरांना दाखवायचं, शाळेच्या ग्रुपवर टाकायचं नाही.

आजीशी वाद घालू नका. "देवाचं तुमचं तुम्ही करा, मंगळवारी दवाखान्यात मीही येते," एवढं बोललात तर ती येण्याची शक्यता जास्त. मात्र मिरचीची धुरी, मारहाण, साखळीनं बांधणं हे सुरू झालं तर गप्प बसायचं नाही. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. पहिल्या तपासणीला सोबत आजी किंवा मामा असला तरी चालतं. पण त्याच दिवशी मुकादमाच्या फोनवरून का होईना, आईवडिलांशी डॉक्टरांचं बोलणं घडवून आणा. भरती करायची वेळ आली तर त्यांच्यापैकी एकाला यावंच लागेल, आणि ही गोष्ट त्यांना आधी माहीत असली म्हणजे ऐन वेळी ओढाताण होत नाही. प्रवासाचं म्हणाल तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तेही नाही.

पुढचा मुक्काम बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयांतही येतं. तो वार फोन करून आधी विचारा. नाहीतर आजी मुलीला घेऊन जाते त्या दिवशी डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात असतात, आणि तिसऱ्यांदा ती येत नाही.

एक शक्यता मनात ठेवाच. बोलकी मुलगी एकाएकी मिटली तर घरात तिचं लग्न ठरलेलं असू शकतं, किंवा कुणी तिला त्रास देत असू शकतं. आडून आडून चौकशी करू नका. "तुला सांगायचं असेल तेव्हा मी आहे," इतकंच पुरे. लैंगिक त्रासाचं काही तिनं सांगितलं, किंवा तशी शंका आली, तर पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि ते टाळणं हा गुन्हा. तिच्याकडून सगळी हकिकत पुन:पुन्हा वदवून घेऊ नका, ते काम तुमचं नाही. लग्नाचं असेल तर मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर आणि गावचे ग्रामसेवक. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, तिसरीत. बोलण्यात हुशार, पण अक्षरं उलटी लिहितो, जोडाक्षर आलं की थांबतो. बाई म्हणतात, मानसिक दवाखान्यात दाखवा. आमच्या घरात गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. खरंच वेड्यांच्या दवाखान्यात न्यावं लागेल का?
— एक आई, जालना जिल्हा

उत्तर : नाही. तुम्ही सांगताय त्यावरून अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं) तपासणी व्हायला हवी, आणि तिची सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून होते. आधी कान आणि डोळे. वर्गात मागं बसणाऱ्या कित्येक मुलांना फळाच दिसत नसतो. त्यानंतर बुद्ध्यांक, आणि तो ठीक असला तरच वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. जिल्हा रुग्णालयात शून्य ते अठरा वयासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तिथली चिठ्ठी मिळते. पथकाची वाट पाहायची नसेल तर थेट गेलात तरी चालेल.

घरची भाषा गोरमाटी आहे हे तपासणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगा. लेकरू शाळेत मराठी परकी म्हणून शिकत असेल तर नुसत्या मराठी चाचणीत ते उगाच नापास होईल. पहिली ते तिसरीच्या वह्या सोबत न्या, खाडाखोड असलेल्या तर नक्की न्या. पुन्हा सुंदर लिहून घेतलेल्या वह्यांतून काहीच कळत नाही.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासतात, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं कायम राहतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अवस्था मोजलेली आहे. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि गरज असल्यास लेखनिक मिळतो. दहावीच्या फॉर्मच्या आठवड्यात धावपळ करणारे पालक दर वर्षी असतात. तुमच्याकडे अजून सात वर्षं आहेत.

प्रश्न : लातुरात मुलांची खाजगी वसतिगृहं चालवतो. नीटची तयारी करणारा साडेसतरा वर्षांचा मुलगा परवा सहज म्हणाला, "आता जगण्यात काही राम नाही." मार्कांचा घोर लागलाय. घरी सांगू नका म्हणतो. सांगावं की नको?
— एक वसतिगृहचालक, लातूर

उत्तर : हे वाचाल त्याच रात्री त्याला एकट्याला बसवून सरळ विचारा. जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन जवळ आहे का? याआधी कधी प्रयत्न केलाय का? विचारल्यानं डोक्यात खूळ भरतं ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मुलांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. शेवटच्या तीनपैकी एकालाही "हो" आलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अपघात विभागात रात्रीच न्यायचं. फक्त विचार येतात, बाकी काही नाही, असं म्हणाला तर सकाळी ओपीडी, पण रात्री खोलीत तो एकटा नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्हीही त्यावर सल्ला विचारू शकता.

घरी सांगायचंच. जिवाला धोका असताना गुप्ततेचं वचन पाळता येत नाही, आणि तो अठराच्या आत असल्यानं उपचाराला पालक लागणारच. पण त्याला आधी सांगा, त्याच्यासमोर फोन लावा, आणि काय बोलायचं ते दोघांनी मिळून ठरवा. फोनवर "तुमच्या मुलाचं डोकं फिरलंय" असं म्हणालात तर वडील रागात येतात आणि क्लास सोडायला लावतात. "झोप लागत नाही, फार खचलाय, उद्या दहा वाजता डॉक्टरांकडे नेतोय, तुम्ही पोहोचा" असं सांगा.

इथं एक चूक हमखास होते, म्हणून थोडं लांबवतो. आईवडील येतात, घाबरतात आणि त्याला थेट गावी घेऊन जातात. गावी शेडमध्ये फवारणीचं औषध असतं. डॉक्टरांना दाखवून, पुढची तारीख घेऊनच गावी जाऊ द्या, आणि वडिलांना स्पष्ट शब्दांत सांगा : औषधाचे डबे घरात नकोत, कुलपात ठेवा आणि किल्ली खिशात, नाहीतर चार महिने चुलत्याकडे ठेवा. आत्महत्येची लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते. त्या वेळात डबा हाताशी नसला तर जीव वाचतो. कुणी औषध पिलंच तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नका, १०८ बोलवा आणि डबा सोबत न्या. काही तणनाशकांत पहिला दिवस बरा जातो आणि दोन-तीन दिवसांनी किडनी, फुप्फुसं बसतात. "आता बरं वाटतंय" म्हणून परत फिरू नका.

पोलिसांची भीती तुम्हालाही असेल. विषबाधेची नोंद रुग्णालय पोलिसांकडे पाठवतं, ती पद्धत आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही.

प्रश्न : आमच्या केंद्रातून दर महिन्याला काही मुलं जिल्ह्याला पाठवतो. निम्मी पोहोचत नाहीत, पोहोचलेल्यांचं काय झालं ते कळत नाही.
— एक वैद्यकीय अधिकारी, हिंगोली जिल्हा

उत्तर : चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि खोली लिहिता का? "मनोविकार विभाग, हिंगोली" एवढ्यावर आई अकराला पोहोचते, केसपेपरच्या रांगेत बारा वाजतात, ओपीडी संपते. चिठ्ठी लिहिण्याआधी तिथल्या मानसोपचार समाजसेवकाला फोन करून दिवस बांधून घ्या. आदल्या संध्याकाळी आशाताईनं घरी जाऊन "उद्याची पहिली गाडी" म्हणून आठवण करावी. चिठ्ठीच्या खाली फाडता येईल असा तुकडा ठेवा, त्यावर तिथल्या डॉक्टरांनी निदान, गोळ्या आणि पुढची तारीख लिहून परत पाठवायची. आई विसरते म्हणून तो तुकडा केसपेपरलाच पिनेनं टोचा.

दुसरी गळती पोहोचल्यानंतर होते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, गुंगी किंवा मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात येते. मग आई दहाव्या दिवशी गोळ्या बंद करते. म्हणून सातव्या दिवशी फोन हवा, आणि तोही मुद्द्याचा : झोप कशी, गोळी चुकली का, चिडचिड किंवा मरणाचं बोलणं वाढलं का. शेवटचं "हो" असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला निघण्याआधी जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते विचारा आणि चिठ्ठीचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये ठेवा. कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) असताना तोच कामाला येतो.

वयानं दहा ते एकोणीसच्या मुलांसाठी तुमच्याच रुग्णालय-साखळीत मैत्री क्लिनिक आहेत. अभ्यासाची भीती, पाळीचे प्रश्न, प्रेमभंग एवढ्यावर जिल्ह्याला धाडण्याची गरज नसते. जिल्ह्याची रांग ज्यांना खरी लागते त्यांच्यासाठी मोकळी राहू द्या.

प्रश्न : मुलीला भरती करतील, कोंडतील, पुढं नोकरी-लग्नात अडेल, असं घरचे म्हणतात. ती सोळा वर्षांची आहे आणि म्हणते मी एकटीच जाते.
— एक वडील, परभणी

उत्तर : बहुतेक मुलं ओपीडीतूनच घरी जातात. अठराखालच्या मुलाला भरती करायला पालकाचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, पालक किंवा सोबतीण पूर्ण वेळ जवळ राहते, ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि मुक्काम ३० दिवसांवर गेला तर पुन्हा कळवावं लागतं. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. तिथवर नेण्याचा प्रसंग मुलांच्या बाबतीत क्वचितच येतो.

उपचाराची माहिती गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, शाळेलाही कुणी आपणहून कळवत नाही. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत मात्र अशा आजाराबद्दल विचारतात, ते लपवून सांगण्यात अर्थ नाही.

एकटीला जाऊ द्यायचं तर समुपदेशनाला, मैत्री क्लिनिकला किंवा १४४१६ ला हरकत नाही. गोळ्या सुरू करायच्या झाल्या की तुम्ही हवेत. डॉक्टर तिच्याशी आधी एकटीशी बोलतील. त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसा, दार ढकलू नका. घरात एकच फोन असेल तर कॉलनंतर यादीतून तो नंबर पुसायला तिला मुभा द्या.