समलिंगी जोडप्याचं लग्न नोंदवायला सरकारी कर्मचाऱ्याने धर्माचं कारण देऊन नकार दिला, तर तो त्याचा हक्क मानावा का?

माझ्या मते नाही. मी तेवीस वर्षं विवाह नोंदणीच्या टेबलावर काढली. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकवत नाही. 'जे आपण पाप मानतो ते सरकारने आपल्या हातून का करून घ्यावं', असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला मनापासून कळतो.

या विषयावर सगळ्यांत गाजलेलं प्रकरण अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं आहे. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. त्यावर रोवन काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, क्लार्क (तिथे परवाने देणारा प्रमुख अधिकारी) किम डेव्हिस यांनी विवाहाचे परवाने देणंच बंद केलं, अगदी स्त्री-पुरुष जोडप्यांनासुद्धा. त्यांचं पद निवडून येण्याचं होतं, म्हणजे बदली करून प्रश्न मिटण्यासारखा नव्हता. परवान्यावर क्लार्क म्हणून आपलं नाव असतं, म्हणजे त्या लग्नाला आपली संमती दिल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने आदेश दिला तरी त्या बधल्या नाहीत. कुणाच्या अधिकाराने नकार देता, असं विचारल्यावर 'देवाच्या' असं उत्तर दिलं. ३ सप्टेंबरला कोर्टाच्या अवमानाबद्दल त्यांना तुरुंगात पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हाताखालच्या लोकांनी परवाने द्यायला सुरुवात केली.

नावाची अडचण मी खोटी मानत नाही. ती सुटलीसुद्धा. २०१६ मध्ये राज्याने फॉर्मच बदलला आणि क्लार्कचं नाव काढून टाकलं. पण डेव्हिसबाई स्वतःपुरती सवलत मागून थांबल्या नव्हत्या, सहकाऱ्यांनाही त्यांनी परवाने देऊ दिले नव्हते. तिथे त्या माझ्या मनातून उतरल्या. ज्यांना परत पाठवलं त्यांपैकी एका जोडप्याला २०२३ मध्ये ज्युरीने प्रत्येकी पन्नास हजार डॉलर भरपाई मंजूर केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डेव्हिस यांचा अर्ज ऐकायलाही नकार दिला.

लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या लिलियन लाडेल यांच्याबद्दल मात्र मला वाईट वाटतं. त्या निबंधक झाल्या २००२ मध्ये, आणि समलिंगी जोडप्यांची नोंदणी सुरू झाली २००५ च्या डिसेंबरात. ती नोंदणी त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेत बसत नव्हती, म्हणून काही काळ त्या सहकाऱ्यांशी कामाची अदलाबदल करून निभावत होत्या. पण त्यांच्या दोन समलिंगी सहकाऱ्यांनी तक्रार केली, आणि तीही मला चुकीची वाटत नाही. शेजारच्या टेबलावरची बाई तुमच्यासारख्यांचं काम करणार नाही म्हणते, हे रोज बघत बसणं सोपं नसतं. लाडेल शेवटी २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही हरल्या. नेदरलँड्सने २०१४ मध्ये ठरवलं की असा नकार देणारे विवाह अधिकारी यापुढे नव्याने नेमायचे नाहीत. हे मला पटतं, कारण काम काय आहे ते माणसाला आधीच ठाऊक असतं.

सवलत सरसकट दिली की काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत दिसलं. २००६ च्या कायद्याने अधिकाऱ्याला मंत्र्यांकडे लेखी कळवून समलिंगी विवाहातून सूट घेता येत होती. पुढे अशी सूट घेणारे शेकडो झाले आणि काही कार्यालयांत ते लग्न लावणारं कुणी उरलंच नाही. जोडप्यांनी दुसरं गाव गाठायचं. २०२० मध्ये ते कलमच काढावं लागलं.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे हा प्रश्न अजून आपल्या खिडकीवर आलेला नाही. पण आंतरधर्मीय जोडपी येतात. विशेष विवाह कायद्यात नोटीस तीस दिवस बोर्डावर लागते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझ्या एका सहकाऱ्याने अशा एका जोडप्याला कधी 'नाही' म्हटलं नाही. तो फक्त त्रुटी काढायचा. पत्त्याचा पुरावा चालत नाही, फोटोची पार्श्वभूमी चुकली, साक्षीदाराची सही जुळत नाही, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. चौथ्या हेलपाट्याला ती मुलगी भिजून आली होती. ओढणीखाली धरलेली प्लास्टिकची फाईल तेवढी कोरडी होती. आत प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती, कोपऱ्यात पेन्सिलने आकडे घातलेले. नोटीस बाद व्हायला सहा दिवस उरले होते.

खरं सांगते, ते लग्न मलाही मनातून पटलेलं नव्हतं. आपल्या घरातली मुलगी असती तर मी रडले असते. पण तिने माझं मत विचारलंच नव्हतं. तिला शिक्का हवा होता आणि शिक्का काही माझ्या घरचा नव्हता. मी फाईल माझ्या टेबलावर ओढली, कागद तपासले. एकही त्रुटी नव्हती. तिसऱ्या दिवशी तीन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या.

तुमच्या ओळखीत कुणी कर्मचारी खरोखरच अशा पेचात असेल, तर त्याला सांगा की जोडपं दारात यायच्या आधी वरिष्ठांकडे लेखी अर्ज कर आणि टेबल बदलून माग. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचे कागद घे आणि त्याच दिवशी पोच दे.