जीन एकच, मग वेगवेगळ्या पेशींवर हॉर्मोनचा रिसेप्टर वेगवेगळा कसा? स्प्लायसिंगमुळे नेमकं काय बदलतं?

रिसेप्टर म्हणजे हॉर्मोनला पकडून त्याचा निरोप पेशीत पोचवणारं प्रोटीन, आणि स्प्लायसिंग म्हणजे जीनवरून उतरवलेल्या आरएनएमधले नको ते तुकडे कापून हवे ते, म्हणजे एक्झॉन, जोडणं. इन्सुलिनचा रिसेप्टर घ्या, याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. त्याच्या जीनमध्ये २२ एक्झॉन असतात, त्यातला अकरावा अगदी चिमुकला, फक्त ३६ अक्षरांचा. आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो आणि ३६ ला ३ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे आरएनएची कापाकापी होताना तो ठेवला काय नि गाळला काय, पुढचं वाचन बिघडत नाही, फक्त रिसेप्टरच्या पेशीबाहेरच्या भागात १२ अमिनो आम्लं जास्त येतात किंवा येत नाहीत. ठेवला तर बी प्रकार, गाळला तर ए. आता एवढ्याशा तुकड्याने काय होतंय असं वाटेल, पण ए प्रकार इन्सुलिनबरोबरच आयजीएफ-२ या वाढीला चालना देणाऱ्या दुसऱ्या हॉर्मोनलाही घट्ट धरतो, बी त्याला फारशी दाद देत नाही. म्हणून गर्भाच्या पेशींत आणि बऱ्याच कॅन्सरमध्ये ए जास्त सापडतो, आणि मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये बी.

हे ठरवतं कोण? आरएनएला चिकटणारी प्रोटीन्स. एमबीएनएल१ अकरावा एक्झॉन ठेवायला लावतं, सीयूजीबीपी१ गाळायला लावतं, आणि कुठल्या पेशीत कोणाचं पारडं जड त्यावर ए आणि बी चं प्रमाण ठरतं (एका पेशीत दोन्ही असू शकतात बरं का, सगळा खेळ प्रमाणाचा आहे). मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारात भलत्याच एका जीनच्या आरएनएमध्ये सीयूजी या तीन अक्षरांची लांबलचक माळ तयार होते, एमबीएनएल तिच्यातच अडकून पडतं, सीयूजीबीपी१ वाढतं, आणि स्नायूंत बी ऐवजी ए बनायला लागतो, मग स्नायू इन्सुलिनला नीट जुमानत नाहीत. म्हणजे इन्सुलिन रिसेप्टरचा जीन ठणठणीत आणि तरी इन्सुलिन रेझिस्टन्स! मला तरी या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

शेपटीकडूनही असाच बदल होतो. लेप्टिन या चरबीतून येणाऱ्या हॉर्मोनच्या रिसेप्टरचा लांब प्रकार पेशीच्या आत सुमारे ३०० अमिनो आम्लांची शेपटी सोडतो, पोट भरल्याचा निरोप मेंदूत पुढे जातो तो तिच्यामुळेच. आखूड प्रकाराची शेपटी ३४ ची, तो लेप्टिन पकडतो पण निरोप जवळपास पोचतच नाही. डीबी नावाच्या उंदरांत एकच अक्षर बदलल्यामुळे नको तिथे कट बसतो, १०६ अक्षरांचा फालतू तुकडा आत घुसतो आणि लांब प्रकार बनेनासा होतो, म्हणून ते उंदीर खातच सुटतात, लठ्ठ होतात, डायबेटिस होतो. अंगात लेप्टिन मात्र भरपूर असतं.

तिसरा मार्ग म्हणजे पेशीपटलात रुतून बसणारा भागच गाळायचा, मग रिसेप्टर रक्तात मोकळा फिरतो आणि हॉर्मोनला वाटेतच धरून ठेवतो. ग्रोथ हॉर्मोनच्या बाबतीत उंदीर हे स्प्लायसिंगनेच करतो. माणसात मात्र तयार रिसेप्टरचा बाहेरचा भाग एन्झाइम कापून सोडतं, त्यामुळे उंदरावरचं वाचून ते माणसाला सरसकट लावू नका.