सगळ्यांना कंटाळा आला, मग मलाच भीती का वाटली?

भुताचा जुना सिनेमा घरात सगळ्यांनी मिळून पाहिला. कुणी हसलं, कुणी झोपलं, मुलांनी मोबाइल काढले. आणि एकीला मात्र त्यानंतर पंधरा दिवस झोप नाही. "मीच एवढी भित्री का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं इतकी भेटतात, की हल्ली मी भीती किती वाटली हे नंतर विचारते. आधी विचारते, "नेमकी कुठे वाटली?"

खालची हकिकत दोन-तीन जणींची मिळून एक केली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सिनेमा होता 'द हाँटिंग', १९६३चा, रॉबर्ट वाइज यांचा. कृष्णधवल. पछाडलेल्या घराची गोष्ट, पण भूत एकदाही दिसत नाही. भिंतीवर ठोके पडतात, गारवा येतो, बंद दार श्वास घेतल्यासारखं फुगतं. (ते दार पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचं होतं. मागून एक दणकट माणूस ते ढकलत होता. तंत्रज्ञान एवढंच.) साहजिकच हा सिनेमा पाहणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, भूतच नाही तर घाबरायचं कशाला? दुसरा म्हणतो, भूत नाही म्हणूनच तर. १९९९च्या नव्या आवृत्तीत संगणकाच्या जोरावर सगळं दाखवलं, तर समीक्षकांनी ती झोडपून काढली. थोडक्यात, एकाच सिनेमावर दोन टोकाची मतं असणं हा कुणाच्या डोक्यातला बिघाड नव्हे.

बाई पस्तिशीच्या. लालबागची चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, सतराव्या मजल्यावर, भाऊ-वहिनीसोबत राहणाऱ्या. सिनेमा पाहिल्यापासून पहाटे दचकून उठायच्या, दिवा लावून बसायच्या.

"दहापैकी किती भीती?"

"आठ."

"आणि भावाला?"

"तो घोरत होता, मॅडम."

मी त्यांना एक घरचा प्रयोग दिला. दिवसाउजेडी, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, त्यांना सतावणारा प्रसंग दहा मिनिटं आवाज बंद करून पाहायचा आणि आकडा लिहायचा. दुसऱ्या दिवशी उलट : मोबाइल पालथा ठेवून फक्त आवाज ऐकायचा. आवाजाविना आकडा आला दोन. नुसत्या आवाजाला नऊ. म्हणजे दार, जिना, अंधारी खोल्या यांचा काही संबंध नव्हता. संबंध ठोक्यांशी होता.

आता ठोके तर घरातही होते. पहाटे पाचच्या सुमारास भिंतीत दोन-तीनदा धाड् असा आवाज येई. आठवडाभर वहीत वेळ लिहायला सांगितली आणि वॉचमनला विचारायला सांगितलं. गच्चीवरची टाकी भरून पंप बंद झाला, की पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटतो, वर चढलेलं पाणी मागे धडकतं आणि पाइप हादरतो. उंच इमारतींत हे सर्रास होतं. वेळा जुळल्या, कोडं सुटलं. भीती मात्र आठवरून सहावर येऊन अडकली. कारण समजलं की भीती जाते, असं आपण समजतो. नेहमी नाही जात.

पुढच्या भेटीत मी साधंच विचारलं : "दचकून उठता तेव्हा पहिल्यांदा काय करता? दिवा लावायच्याही आधी?"

त्या विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाय खाली सोडते. शिडी शोधते."

सतराव्या मजल्यावरच्या त्या खोलीत शिडी नाही. पलंग आहे, दीड-दोन फूट उंच. शिडी चाळीतल्या पोटमाळ्याची. वर त्या झोपत, खाली अर्धांगाने पडलेले वडील. काही हवं असलं की ते काठी लोखंडी शिडीवर ठोकत. तीन वर्षं.

मी त्यांना तोच प्रसंग पुन्हा आठवायला सांगितला. सिनेमातल्या नायिकेने अकरा वर्षं आजारी आईची सेवा केलेली असते. त्या रात्री ठोके पडतात तेव्हा ती अर्धवट झोपेत आईलाच "आले, आले" म्हणते. आई तर गेलेली. आईने शेवटच्या रात्री भिंत ठोकली आणि आपण गेलो नाही, हे तिला खात असतं. घोरणाऱ्या भावाला हे वाक्य ऐकूच आलं नव्हतं. तो जागा असता तरी त्याला ते फारसं लागलं नसतं, कारण वडील आजारी होते तेव्हा तो पुण्याला नोकरीला होता.

"मीही ऐकलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, पाचच मिनिटं. उतरले तेव्हा सहा वाजले होते."

"तुझी काही चूक नाही" हे घरचे त्यांना पाच वर्षं सांगत होते. उपयोग शून्य, कारण आपण ऐकलं होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, "ऐकलंत आणि उठला नाहीत, हे खरं आहे." त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"आधीच्या तीन वर्षांत रात्री किती वेळा उतरायचात?"

"दोनदा तरी."

गुणाकार त्यांनीच मोबाइलवर केला : २,१९०. बराच वेळ बाई त्या आकड्याकडे बघत होत्या.

अमेरिकी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीवर (मनातला 'असंच व्हायला हवं' हा हट्ट ओळखून सोडायचा) माझा भर असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मराठीत तर ही पद्धत एका अक्षरात सापडते. "मी उठायलाच हवं होतं" आणि "उठले असते तर बरं झालं असतं" यांत दुःख दोन्हीकडे आहे, पण पहिल्या वाक्यात फाशी आहे. तो 'च' काढायला आम्हाला चार भेटी लागल्या, आणि तो त्यांनी स्वतः काढला याचं मला अजून समाधान वाटतं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर चिडवू नका आणि "काही नसतं गं" असंही शंभरदा म्हणू नका. धीर मागायची सवय लागली की भीती त्या धीरावरच जगते. आवाजाचा आणि चित्राचा प्रयोग करून बघा, मात्र दिवसा आणि हेडफोन न लावता. माणसं चुकतात ती एकाच जागी : आकडा आठवर असताना सिनेमा बंद करतात. मग मेंदू शिकतो, की पळालो म्हणून वाचलो. तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालू ठेवायचा आणि आकडा निम्म्यावर आला की थांबायचं. त्याला अर्धा तासही लागू शकतो. रात्री वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळू नका, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. लहान मुलांवर यातला एकही प्रयोग नको. त्यांना ते दार मागून ढकलणारा माणूस सांगा, पुष्कळ झालं. महिना उलटूनही झोप लागत नसेल, किंवा सिनेमा बाजूला राहून जागेपणी इतरांना न येणारे आवाज ऐकू येत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञ, मग आमच्यासारखे.

शेवटच्या भेटीआधी बाईंनी सिनेमा पूर्ण पाहिला, रात्री, भावासोबत. भाऊ पुन्हा झोपला.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"सुरुवातीला फार रेंगाळतो, मॅडम," त्या म्हणाल्या. "आणि ती बाई मनातल्या मनात किती बोलते!"